चिवळ लावण्याचा उद्योग

होळी झाली की आमच्या अमरावतीत घरोघरी कूलर माळ्यावरून खाली उतरतात, आणि आमच्या घरात यंदा त्याच सुमारास रागिणी गप्प झाली. रागिणी म्हणजे माझी बायको. माहेर शेंदूरजनाघाटचं, वडिलांची संत्र्याची बाग. त्या बागेत पाणी वाहायला मातीचे दांड होते, आणि उन्हाळा लागला की दांडाच्या ओलीवर चिवळ आपोआप निघायची. जमिनीला चिकटून पसरणारी, इवल्या इवल्या पानांची भाजी. मुगाच्या डाळीत शिजवली आणि सोबत ज्वारीची भाकर असली की बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो. आमच्या सासूबाई दरवर्षी ती निवडून, कापडी थैलीत भरून, एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायच्या. मागच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या.

यंदा एका दुपारी पानात कोबी वाढता वाढता रागिणी म्हणाली, "आता आमच्या दांडावर चिवळ निघाली असती."

एवढंच म्हणाली आणि भाकर आणायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून चिवळ आणली. तिनं ती केली, खाल्ली आणि म्हणाली, "रेती लागते." रेती मला लागली नव्हती, पण मी भांडलो नाही. त्याच वेळी मी मनाशी ठरवलं की आपल्याच गच्चीवर चिवळ लावायची, अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, त्या दिवशी सासूबाईंच्या नावाच्या पानात ती वाढायची, आणि तोवर रागिणीला कळू द्यायचं नाही. (घरात आजवर मी फक्त खिळे लावले आहेत. त्यातला एकही आज भिंतीत नाही.)

बियाण्याच्या दुकानात गेलो.

"चिवळीचं बी द्या."

दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "चिवळ मारायचं औषध हाय. लिटरमदी पाहिजे का अर्धा लिटर?"

"मारायची नाही, लावायची आहे."

"साहेब, चिवळ कोणी लावते काय? ते निघते."

मग गावी साळ्याला, म्हणजे देवमनला फोन केला. तोही तेच म्हणाला, "भाऊजी, ते लावा लागत नाही. निघते."

"निघते, तर थोडी पाठव."

"ठिबक केल्यापासून दांडच मोडले ना जी. आता कुठून निघन?" मग म्हणाला, "जुन्या दांडाची माती हाय धुऱ्यावर, वावराच्या बांधाले. पोतंभर पाठवतो. त्यात असन तर असन."

संत्र्याच्या गाडीतून पोतं आलं. रागिणी भजनाला गेलेली पाहून मी ते गच्चीवर नेलं. प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून घेतला, त्यात माती, कोकोपीट, गांडूळखत असे थर दिले आणि वर हिरवी जाळी बांधली. सगळं मोबाइलवर बघून. सकाळ-संध्याकाळ स्प्रेच्या बाटलीनं पाणी, तेही माठातलं. घरातली माणसं नळाचं पीत होती, तो भाग वेगळा.

आणि निघाली की हो. हिरवी, नाजूक, कातरलेल्या पानांची. मी ड्रमवर रागिणीची जुनी साडी टाकून ती लपवली. चिवळ रांगते असं ऐकलं होतं, पण ही उभी राहिली. आधी गुडघ्याएवढी झाली, मग कमरेएवढी. मला वाटलं, हा खताचा गुण. मग तिला पांढरी फुलं आली आणि मला शिंका सुरू झाल्या. तेही मी अमरावतीच्या धुळीच्या नावावर टाकलं.

दरम्यान खाली वेगळीच कटकट चालली होती. घराच्या बाजूच्या बोळीत कूलर असतो. त्यात पाणी भरणं हे माझं खातं, त्यामुळे तिकडे रागिणी कधी फिरकत नाही. तो रात्रंदिवस ठिबकतो आणि यंदा त्याच्याखाली बारीक बारीक काहीतरी पसरायला लागलं. मी स्वच्छताप्रिय माणूस. दर रविवारी ओरबाडून काढायचो, आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा हजर. पहिल्याच वेळी भिंतीपलीकडून दुर्गाबाई म्हणाल्या (या आमच्या शेजारीण, निवृत्त मुख्याध्यापिका), "किशोरभाऊ, फेकू नका. मले द्या. बकरी खाईन."

मी दर रविवारी घमेलं भरून द्यायला लागलो. मुक्या जनावराच्या तोंडी लागतंय याचं समाधान होतं.

अक्षय तृतीया आली. रागिणीनं सकाळीच घागर भरून पूजा केली. मी तिला गच्चीवर नेलं आणि साडी ओढली.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "हे गाजरगवत हाय."

"चिवळ आहे. तुझ्या माहेरच्या मातीतली."

"अवो, हे आमी हाताले कपडा गुंडाळून उपटतो. अंगाले खाज सुटते यानं. तुमी याले पाणी देऊन राहिले?"

"खतसुद्धा दिलं."

ती पाण्याच्या टाकीला टेकून हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि तशीच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी बाजूला बसलो. शिंका काही थांबेनात.

"मले चिवळीचं नाही हो," ती म्हणाली. "चिवळ कुठंबी भेटते. आई निवडून पाठवे. एकेक काडी पाहून. आता माह्यासाठी कोण निवडते?"

मला त्या क्षणी सासूबाईंची इतकी आठवण आली की सांगता येत नाही.

तेवढ्यात खालून दुर्गाबाईंनी हाक मारली. वाटी घेऊन आल्या होत्या. "रागिणी, सणाचं तोंड गोड सगळेच करतात, म्हणून हे आणलं. तुह्याच घरची चिवळ."

रागिणीनं बोटावर घेऊन चाखली आणि पुन्हा एकदा चाखली. "ही आमच्या दांडाची हाय."

"मले काय मायीत? किशोरभाऊ देतात दर रविवारी."

"पण तुमची बकरी?" मी विचारलं.

"कोणती बकरी?" दुर्गाबाईंनी विचारलं. मग आठवून म्हणाल्या, "चिवळ मागतली असती तर तुमी दिली असती काय?"

(भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. त्यांच्याकडे बकरी नाही हे मला तेव्हा कळलं.)

रागिणी तडक बोळीत गेली आणि कूलरखाली उकिडवी बसली. रविवारला अजून अवकाश होता, म्हणून जमीन हिरवीगार होती. तिनं त्यावरून हात फिरवला. "ही माती इथं कशी आली?" मग मला आठवलं. पोतं ओढत नेताना ते इथंच फाटलं होतं, आणि सांडलेली माती मी चपलेनं कूलरखाली सारली होती. ते मी खालच्या आवाजात सांगितलं.

ओंजळभर चिवळ खुडून तिनं ओट्यावर ठेवली. ती मी उचलली, ताटात घेतली, चष्मा लावला आणि एकेक काडी पाहून निवडायला बसलो. संध्याकाळपर्यंत वाटीभर झाली. तिनं ती डाळीत घातली, आधी आईच्या नावाचं पान वाढलं आणि मग स्वतः जेवली. रेती लागली की नाही ते मी विचारलं नाही. ती दोनदा भाकर मागून घेऊन जेवली, एवढं मी पाहिलं.

जेवण होत नाही तोच देवमनचा फोन आला. मी स्पीकर लावला, जरा ऐटीतच.

"भाऊजी, निघाली काय चिवळ?"

"निघाली ना. आत्ताच खाऊन उठलो."

"कमाल हाय. इकडं गावात कोणाच्यानं होत नाही. कशी लावली जी?"

मी घसा साफ केला आणि कोकोपीटपासून सुरुवात करणार, तोच रागिणीनं फोन हातातून घेतला.

"लावली नाही रे," ती म्हणाली. "ह्यायच्या हातून सांडली."