कपाळावरची खोक

गुणाजीकाकांच्या डाव्या भुवईवर बोटभर लांबीची खोक होती. ती कशी पडली, हे त्यांनी कधी दोन माणसांना एकसारखं सांगितलं नाही. मला लहानपणी सांगितलं, गावी माडावरून पडलो. समोरच्या बिऱ्हाडात सांगितलं, गिरणीत साच्यावरचा धोटा उडून लागला. न्हाव्याला तर चक्क वाघ सांगितला. न्हावी म्हणाला, "आणि एकच नख लागलं?" काका म्हणाले, "म्हातारो होतो रे तो."

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. काका आणि माझे बाबा एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर. दोघेही मालवणकडचे, आणि दोघांचे आवाज साच्यांच्या खडखडाटावर पोसलेले. त्यामुळे "चाय घेतंस?" एवढं विचारलं तरी शेजारच्यांना भांडण जुंपल्यासारखं वाटे. गिरण्यांच्या मोठ्या संपानंतर गिरणी काही धड सुरू झाली नाही. बाबा एका सोसायटीत वॉचमन झाले. काका घरी बसले आणि अख्ख्या चाळीचे मुकादम झाले. नळ किती उघडायचा, पापड कुठे वाळत घालायचे, आरतीत कोणी किती ओरडायचं, सगळ्यावर त्यांचं एकच पालुपद: "खात्यात ह्यां चाललां नसतां!" मला त्यांचा भयंकर राग यायचा. आणि ते चार दिवस गावी गेले की करमायचं नाही.

बाबा गेले, त्यानंतर दोनेक वर्षांनी काका विसरू लागले. आधी गंमत वाटली. काडेपेटी आणायला गेले आणि कोथिंबीर घेऊन आले. मग एका सकाळी डबा घेऊन गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत शिरू लागले. गेटवरच्या पोऱ्याने पास मागितला, तर त्यालाच झापलं, "नवीन दिसतंस!" आणि एक दिवस सुमतीकाकींना, आपल्या सख्ख्या बायकोला, त्यांनी अदबीने विचारलं, "तुमी खंयच्या?" काकी हसल्या. मग आमच्या दारात येऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

मी परळच्या एका इस्पितळात कारकून आहे. आमच्या विभागातल्या शलाका मॅडम डोक्याला पूर्वी मार बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास करत होत्या. जखम वरून भरते, पण आत मेंदूला बसलेला हादरा पुढे कधीतरी विसरण्याच्या रूपाने वर येतो का, हा त्यांचा प्रश्न. "येतो असं वाटतं. किती आणि कसा, तेच शोधतोय," त्या म्हणायच्या. मी काकांना त्यांच्यापुढे नेऊन बसवलं.

मॅडमनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: सफरचंद, टेबल, नाणं. पाच मिनिटांनी विचारलं, तर काका ठणकावून म्हणाले, "धोटो, साचो, कांडी." मॅडम म्हणाल्या, "आजोबा, हे नव्हते." काका म्हणाले, "तुमचे खात्यात काय कामाचे?" घड्याळ काढायला सांगितलं, तर वर्तुळाचे तीन भाग करून पहिली, दुसरी, तिसरी पाळी लिहून मोकळे झाले. मी मॅडमशी हुज्जत घातली, की आमच्या गिरणगावात घड्याळ असंच असायचं, याला पुरे मार्क द्या. त्यांनी दिले नाहीत.

अडलं ते खोकेपाशी. मार कशाचा, किती वेळ शुद्ध नव्हती, हे खात्रीने कळल्याशिवाय त्यांना अभ्यासात घेता येणार नव्हतं. घेतलं तर मॅडम त्यांना वरचेवर तपासणार होत्या, आणि काकींची सारी आशा त्याच्यावर. पण काकींनाही ठाऊक नव्हतं. संपात त्या गावी होत्या. मी आणि आईसुद्धा. गिरणगावातली कितीतरी बायकापोरं तेव्हा गावी पाठवली होती. "तूच विचार रे बाबा," काकी म्हणाल्या, "तुजां ऐकतत."

रविवारी दुपारी फॉर्म घेऊन मी त्यांच्या खाटेजवळ बसलो. मला आता टक्कल पडलंय, मिशा बाबांसारख्या झाल्यात. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग, जन्मात पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलले.

"वसंता, कित्याक इलंस? पोलिस फिरतत ना."

वसंत माझ्या बाबांचं नाव.

"दगड खंयसून इलो, ह्यां मी कोणाक बोललंय नाय," काका म्हणाले. "पोलिसांक सांगलंय, जिन्यावरसून पडलंय. तू गाडीर मारूक गेलंस, मी मदी इलंय. झालां."

संप मोडून कामावर जाणाऱ्यांना सकाळच्या पाळीला गिरणीत नेणारी ती गाडी. तिच्यावर माझ्या बाबांनी दगड फेकला होता, आणि तो काकांना लागला होता. कधी शुद्धीवर आलात, मी विचारलं. "दिवेलागणीक," ते म्हणाले. मी फॉर्मवर लिहिलं: दगड. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बेशुद्ध.

बाबा रोज काकांच्या घरी दोन बादल्या पाणी भरायचे, स्वतःचा दमा सांभाळत. आम्ही त्याला दोस्ती समजत होतो. होतीच ती. पण त्यांनी कधी माफी मागितली का, मला ठाऊक नाही. मागितली असेल, तर काका आता विसरले असतील. मला फार वाईट वाटलं. बाबांसाठी, काकांसाठी, इतकी वर्षं न बोलता गेलेल्या सगळ्यासाठी.

मी बाबांच्या बोलीत म्हटलं, "गुणाजी, माजां चुकलां रे."

"गप रव," काका म्हणाले. त्यांनी माझा हात धरला. "फक्त तुज्या झिलाक, त्या पोराक, कळता नये. लहान आसा. तुका देव मानता तो."

"नाय," मी म्हटलं, "तेका नाय कळूचां."