मॅकूना पुलाला महत्त्व कसं आलं

कुठल्याही राष्ट्राची उंची त्याच्या पुलांवरून मोजतात, आणि पुलांची उंची त्यांच्याखाली अडकलेल्या ट्रकांवरून. हसू नका, मी गंभीरपणे सांगतेय. आमच्या लेनहार्ट जिल्ह्यासारखा पुलांची कदर करणारा जिल्हा अख्ख्या पेनसिल्व्हेनियात सापडायचा नाही, आणि मॅकूना ओढ्यावरच्या लोखंडी पुलाची तर आम्ही इतकी कदर केली, इतकी केली, की शेवटी तो ओढ्यावर राहिलाच नाही. थांबा, पहिल्यापासून सांगते.

पूल अठराशे सत्त्याऐंशीचा. तेव्हा पूल कॅटलॉगमधून मागवायचे, पडद्याचं कापड मागवतात तसे. पान उलटायचं, ओढा किती रुंद ते कळवायचं, की आगगाडीतून पूल सुटा सुटा हजर. मग गावातले लोक जमून जोडायचे. (आमच्या पणजोबांनी एक पट्टी उलटी लावली होती अशी घरात वदंता आहे. पूल पडला नाही, म्हणजे एक तर वदंता खोटी, नाही तर पूल फार समजूतदार.) आणि काय बनवायचे हो! वरची पेटीसारखी पोकळ तुळई जाड, कारण तिच्यावर दाब येतो. खालच्या पट्ट्या बारीक, कारण त्या नुसत्या ओढल्या जातात. मध्ये तिरप्या सळया, आणि सगळं एकत्र धरायला मनगटाएवढ्या जाड खिळी. लोखंड जिथे लागेल तिथेच, पौंडभरही जास्त नाही. म्हणजे पुलाकडे नुसतं बघितलं तरी कोण राबतंय आणि कोण नुसतं उभं आहे ते कळतं. ही सोय जिल्ह्याच्या कचेरीत अजून झालेली नाही.

आता या पुलाचा एकच दोष, तो अरुंद. एका वेळी एकच गाडी. समोरून दुसरी आली तर एकाने थांबायचं. आणि आमच्याकडची माणसं तुम्हाला माहीत आहेत. आमच्याकडे पुलावर आधी घुसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं. त्यामुळे एकाने नाही, दोघांनीही थांबायचं. समोरचा अनोळखी असेल तर थोडा वेळ, ओळखीचा असेल तर बराच, आणि आपल्याच चर्चमधला असेल तर सरळ इंजिन बंद करायचं.

एल्वुड युंट दुधाचा टँकर घेऊन पूर्वेकडून यायचा, क्लेटन हार्टझेल कोंबड्यांचं खाद्य घेऊन पश्चिमेकडून. काचा खाली.

"चल रे एल्वुड, ये!"

"मला कसली घाई? तू ये!"

"अरे तुझं दूध नासेल!"

"आणि तुझ्या कोंबड्या काय उपासाला बसल्यात? ये म्हणतो ना!"

"मी तुझ्याहून लहान आहे, मी कसा आधी येऊ?"

"लहान आहेस तर मोठ्याचं ऐक!"

यातून निघणारा मार्ग ठरलेला. दोघंही गाड्या तिथेच सोडून खाली उतरायचे, आणि पूर्वेच्या टोकाला, पुलाला अगदी खेटून, माझ्या व्हर्नाआत्याचं खानावळवजा हॉटेल आहे तिथे जाऊन बसायचे. काकवी भरून भट्टीत भाजलेली पाई, कॉफी. मग त्यांच्यामागे अडकलेल्या गाड्यांतले लोक, ते तरी काय करणार, तेही उतरायचे. ऊन असो, बर्फ असो. मी तिथे प्लेटा उचलायचे म्हणून सांगते, आत्याच्या हॉटेलात भूक लागली म्हणून आलेली माणसं शंभरात पाच असतील. बाकीची पंचाण्णव सभ्यपणामुळे आलेली.

"हा पूल माझं घर चालवतो," आत्या म्हणायची. "मी आपली कणीक मळते इतकंच."

मग जिल्ह्याच्या पूल खात्याने जाहीर केलं की हा पूल पाडून दोन लेनचा काँक्रीटचा पूल बांधणार. लोकांचा वेळ वाचणार. (वाचलेल्या वेळाचं लोकांनी काय करायचं याची योजना पुढच्या टप्प्यात आहे.)

आत्याने पिठाचे हात तसेच ठेवून बातमी ऐकली. "डार्ला, दोन लेन म्हणजे कोणी कोणासाठी थांबणार नाही. आणि कोणी थांबलंच नाही तर मी पाई कोणाला घालू? झाडांना?" बाई सत्तरीला टेकलेली. त्या हॉटेलाशिवाय तिला दुसरं काही नाही, आतोबा गेल्यापासून तर घरीसुद्धा फक्त झोपायला जाते.

जनसुनावणी झाली. खात्यातले साहेब फार सौजन्याने बोलले. "पूल वाचवायचा असेल तर तो महत्त्वाचा आहे हे सिद्ध करा."

"अहो, आम्ही रोज त्याच्यावरून जातो!" आत्या म्हणाली.

"बाई, तो वापर झाला. मी महत्त्वाबद्दल बोलतोय."

आणि हे अगदी बरोबर आहे. आपण झाडणी रोज वापरतो, पण तिचं तैलचित्र काढून कोणी भिंतीवर लावतं का?

तेव्हा महत्त्व ठरवायला मोठ्या शहरातून डॉक्टर पिटिंगर आले. धातूच्या रस्तेपुलांवरचे राज्यातले सर्वांत मोठे जाणकार. गाडीतून उतरले ते सरळ पुलाच्या खांबाला मिठी. मग ओढ्यात उतरून पुलाखाली उताणे झोपले आणि वर बघत "अहाहा... अहाहा..." करत राहिले. आत्याने मला पिटाळलं, "बघ गं, धाप लागली की काय त्यांना!" धाप नव्हती, तो आनंद होता. खिळी मूळच्या होत्या! सळया मूळच्या होत्या! कारखानदाराच्या नावाची ओतीव पाटी मूळची, आणि तिच्यावरचं पक्ष्याचं घरटं वगळता सगळंच मूळचं होतं.

त्यांनी गुण दिले. अभियांत्रिकी महत्त्व, पैकीच्या पैकी. ऐतिहासिक महत्त्व, पैकीच्या पैकी. अस्सलपणा, पैकीपेक्षा थोडे जास्त, कारण त्यांना राहवलं नाही.

आत्या कॉफी घेऊन गेली. "डॉक्टर, त्यात एवढंही लिहा की इथे लोक एकमेकांसाठी थांबतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "थांबावं लागणं हा पुलाचा दोष आहे हो. दोष कशाला लिहायचे? तुमच्याच विरुद्ध जाईल."

"पण लोक त्याच्यामुळेच तर..."

"मी त्याबद्दल गप्प बसतो," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि उपकार केल्यासारखा डोळा मिचकावला.

तर पूल अतिशय महत्त्वाचा ठरला. गावात बँड वाजला. एल्वुड आणि क्लेटन, दोघांनाही फीत कापायला बोलावलं होतं. फीत शेवटी वाऱ्याने तुटली.

आणि मग महत्त्वाची अंमलबजावणी सुरू झाली.

पहिल्यांदा वजन. इतक्या अस्सल लोखंडावरून दुधाचा टँकर नेणं म्हणजे म्युझियममधल्या खुर्चीवर बसून मोजे घालणं. टँकर बंद. मग ट्रक बंद. मग असं ध्यानात आलं की मोटारीसुद्धा लोखंडीच असतात, लोखंडाला लोखंड घासतं, म्हणून मोटारी बंद. दरवर्षी वसंतात अग्निशमन दलाची पोरं एक शनिवार घालवून सैल झालेल्या सळयांचे पेच आवळायची, तेही बंद, कारण पोरांकडे ऐतिहासिक पेच आवळण्याचं प्रमाणपत्र नव्हतं. (असं प्रमाणपत्र राज्यात एकाच माणसाकडे आहे आणि त्याला पुलांवर चढलं की चक्कर येते.) पेच सैल राहिले, म्हणून पूल अशक्त झाला. अशक्त झाला म्हणून तो रस्त्याच्या कामाचा नाही असं खात्याने दुःखाने नोंदवलं. कामाचा नाही म्हणून शेजारी काँक्रीटचा दोन लेनचा पूल बांधणं भाग पडलं. बघा, किती सरळ आहे. कुठेही कोणी लबाडी केलेली नाही.

नवीन पूल झाला, आणि गाड्या आत्याच्या दारावरून सूं करून जायला लागल्या. एल्वुड आणि क्लेटन आता एकमेकांना भर वेगात बोट वर करून दाखवतात, पण कोणतं बोट होतं ते बघेपर्यंत गाडी निघून गेलेली असते, त्यामुळे दोघांत थोडा गैरसमजही आहे.

आता जुन्या पुलाचं काय? कायदा फार दयाळू आहे. महत्त्वाचा पूल नुसता पाडता येत नाही. आधी तो जो कोणी उचलून नेईल त्याला फुकट देऊ करावा लागतो, आणि पाडायला जो खर्च आला असता तो हलवायला मिळतो. कुत्र्याच्या पिलांची असते तशी जाहिरात आली, चांगल्या घरी द्यायचा आहे म्हणून. एका गोल्फवाल्या क्लबाने डोळा ठेवला होता, तळ्यावर टाकायला.

आत्या खात्यात गेली. "मला द्या पूल."

"नेणार कुठे?"

"नेणार कुठेच नाही. आहे तिथेच राहू दे."

"बाई, उचलून न्यावाच लागेल. नाही तर आम्ही दिला असं कसं म्हणणार?"

आत्या घरी आली आणि जेवून लवकर झोपली. सकाळी म्हणाली, "डार्ला, आपल्या दारासमोर ते पावसाच्या पाण्याचं गटार आहे ना?"

मी म्हटलं, "आत्या, ते तीन फुटांचं आहे. पूल शंभर फुटांचा आहे."

"मग पडण्याची भीतीच नाही."

तिचा हिशोब साधा होता. नव्या पुलाच्या हायवेवरून हॉटेलच्या आवारात यायची वाट गटारावरून. वाटेवर पूल. पूल अरुंद. म्हणजे येणारा आणि जाणारा पुन्हा एकमेकांसाठी थांबणार! मला तर पटलं. मी उड्याच मारल्या. खात्यालाही पटलं, कारण अर्जात सगळे रकाने भरलेले होते. पूल खिळी काढून सुटा केला, प्रत्येक तुकड्याला बिल्ला बांधला, आणि पन्नास पावलं पलीकडे नेऊन परत जोडला. पट्टी एकही उलटी लागली नाही. डॉक्टर पिटिंगर जातीने हजर होते, रडत होते.

उद्घाटनाच्या सकाळी आत्याने चाळीस पाई भाजल्या. विम्याचा माणूसही आला, पाई खाल्ली, तारीफ केली, आणि म्हणाला, "गाड्या नाही हं जाऊ द्यायच्या याच्यावरून."

"का?"

"डॉक्टर पिटिंगरांची सही हवी."

डॉक्टर म्हणाले, "व्हर्ना, माझा हात नाही उठणार. तुम्ही तरी त्याच्यावर गाडी घालू शकाल का? मनाला विचारा."

"मनाला काय विचारताय! माणसं आत कशी येणार?"

"शेजारून दुसरी वाट काढली तर?" मी म्हटलं.

आता खात्याच्या साहेबांनी नियम वाचून दाखवला. शेजारी दुसरी वाट असेल तर पुलाची गरज उरत नाही. गरज नसलेला पूल शोभेचा ठरतो. शोभेचा पूल महत्त्वाचा नसतो, आणि महत्त्वाचा नसेल तर हलवण्याचा खर्च व्याजासकट परत. यात चूक काढून दाखवा. मी खूप प्रयत्न केला.

तर सध्याची स्थिती अशी की एकशे तीसहून जास्त वर्षं माणसांना पलीकडे नेणाऱ्या पुलाने आता एका हॉटेलचा दरवाजा बंद केलाय. चालत जायला परवानगी आहे, एका वेळी चौघांना. क्लेटनचा गुडघा गेलाय, तो शंभर फूट चालत नाही. एल्वुड हायवेला टँकर लावू शकत नाही, दंड होतो.

पण गर्दी आहे हं! उगाच नाही म्हणणार नाही. शनिवार-रविवारी कडेला गाड्यांची रांग लागते. लोक उतरतात, पुलाच्या मध्यापर्यंत येतात, खिळींवर हात फिरवतात, फोटो काढतात, आणि मध्यावरूनच परत जातात, कारण पूल मध्यावरून चांगला येतो. आमच्या पाहणीप्रमाणे (पाहणी मी केली, खिडकीतून) शंभर माणसांमागे फोटो साधारण आठशे, पाई दोन. त्यातली एक बहुधा माझी.

गेल्या आठवड्यात एक बाई मात्र पूर्ण पूल ओलांडून आत आली. आत्याने हात पुसले, पटकन खुर्ची ओढली, "या, बसा, काय आणू?"

बाई म्हणाली, "ते तुमचं नाव लिहिलेलं बोर्ड आहे ना बाहेर, ते जरा बाजूला करता का? फ्रेममध्ये येतंय."

आत्याने काढलं. वाद नाही घातला. स्टूल घेऊन स्वतः चढली, मला धरूही दिलं नाही. त्या बाईने काढलेला फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, तोच, धुक्यातला. हजारो लोकांनी खाली लिहिलंय, "अशा जागा जपल्या पाहिजेत." तुझंही आहे त्यात, बदाम टाकून. तुझंही. मी मोबाईलवर वाचून दाखवत होते तर आत्या म्हणाली, "किती चांगली माणसं आहेत गं," आणि भट्टी विझवली. महिनाअखेरीला हॉटेल बंद करतेय.

पण आज उघडं आहे, चार वाजेपर्यंत. पाई भाजलेल्या आहेत, मी येताना बघून आलेय. माझी गाडी खाली उभी आहे, पाच जण आरामात बसतील, अर्ध्या तासाचा रस्ता, नव्या पुलावरून कुठेही थांबावं लागत नाही. तर चला. कोण कोण येतंय?

असू दे, असू दे, बसा. फोटो पाठवू?