कडुनिंबाची बिअर

आमचे शेजारी दिगूकाका बाटल्यांना कान लावून ऐकत असत. भर उन्हाळ्यात जिन्याखाली उकिडवं बसायचं, एकेक बाटली कानाशी धरायची आणि मान हलवायची. "बिलकुल जल्दी करायची न्हाई, गुरुजी. पकून राह्यली." हे मला सांगताना स्वतः मात्र क्षणभर एका जागी ठरतील तर शपथ.

औरंगाबादच्या एका बिअर कारखान्यात फिटरकी करून ते भोकरदनला परतले. गावात नुकतेच एस.टी.डी. बूथ आले होते, आणि काकांनी घरात बिअर आणली. जवाला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, उकळायचे, बेकरीतलं खमीर घालायचं. कडूपणाची ती परदेशी फुलं आमच्याकडे कुठली मिळायला? काका मूठभर कडुनिंब टाकत. बंद पडलेल्या सोड्याच्या दुकानातून बूच ठोकायचं यंत्रही त्यांनी मिळवलं होतं. सगळं बराबर, फक्त चव काढ्याची. काका स्वतः माळकरी, थेंबाला शिवत नसत. आमच्या चेहऱ्यावरून चव ठरवत, आणि आम्ही शेजारधर्म म्हणून खोटं बोलत असू.

दर मे महिन्यात गच्चीवर आम्हा पाच-सात जणांना आमंत्रण असे. एका वर्षी ओल्या पोत्याखालच्या बाटल्या एकापाठोपाठ फुटल्या आणि पोस्टमास्तर घाबरून सतरंजीवर आडवे झाले. काकांनी त्याचा असा धसका घेतला, की पुढच्या वर्षी रोज सकाळ-संध्याकाळ बुचं उघडायची, हवा सोडायची, परत ठोकायची, हाच उद्योग.

"औंदा फुटली तं माणसं यायची न्हाईत," ते म्हणत.

ठरल्या दिवशी मी गच्चीवर गेलो. पाणी शिंपडलेलं, खारे शेंगदाणे, चिरलेला कांदा, सगळं तयार. काका कठड्यावरून रस्ता बघत, येऊन पेले पुसत, पुन्हा कठड्यापाशी जात. पोस्टमास्तरांचं पोट बिघडल्याचा निरोप आला. बाकीच्यांकडे एकाच दिवशी पाहुणे आले होते.

"येतेत. जरा ऊन उतरू द्या," काका म्हणाले. ऊन उतरून दिवे लागले, तरी जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

शेवटी मला राहवेना. "काका, रागावू नका. ही बिअर कुणालाच आवडत नाही. पुढच्या वर्षी सरळ चहाला बोलवा."

"म्हाईत हाय मला. तोंडं दिसतेत की तुमची." काका पहिल्यांदाच खाली टेकले. "पण चहाला बलावलं तं माणूस दोन घोट घेतो अन् चपला शोधतो. तुमची काकू गेली तव्हापासून घरात कोण बसतंय, गुरुजी? ही कडू हाय, म्हणून तरी हळूहळू पितेत. तासभर बसतेत."

आमच्या खोट्या कौतुकाला हा माणूस कधी फसलाच नव्हता.

मी सतरंजीवर नीट मांडी घातली. काकांनी बाटली उघडली. ना फेस, ना फसफस; होती नव्हती ती सगळी हवा त्यांनीच सोडून दिली होती. त्यांनी अर्धा पेला ओतला आणि संकोचून हात आखडता घेतला.

"भरा पूर्ण," मी म्हणालो. "मला घाई नाही."