गोपालकांचे जलप्रबोधन

जनावराला पाणी पाजण्यापूर्वी त्याच्या मालकाला ज्ञान पाजले पाहिजे, हे कल्याणकारी राज्याचे पहिले कर्तव्य होय. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत बंगळूरपुरते हे कर्तव्य विद्याधर आठल्ये यांच्याकडे आले. ते पुण्याचे, रसायनशास्त्रातले पदवीधर. म्हैस म्हणून त्यांनी जवळून पाहिली ती एकच, मल्लेश्वरमला त्यांच्या दारात रोज दूध काढायला येणाऱ्या गोजराबाई गवळणीची.

यशवंतपूरच्या पुढे गायरान होते, गायरानात तळे, आणि तळ्याच्या काठी नवा रंगाचा कारखाना. कारखान्याचा नाला तळ्यात उतरे (प्रगतीलाही उतार लागतो), आणि तळ्याचे पाणी गवळ्यांच्या म्हशी पीत. गोजराबाईची एक म्हैस मेली, उरलेली चाऱ्याला तोंड लावीना. गवळ्यांनी नाला बंद करण्यासाठी अर्ज केला. अर्जावर वरपर्यंत सखोल विचार होऊन गवळी अशिक्षित आहेत, असा निष्कर्ष निघाला.

म्हणून गायरानात मांडव उभा राहिला. प्रत्येक गवळ्याला औषधाची बाटली मिळाली. पाण्यात थेंब टाकायचा. पाणी होते तसे राहिले तर पाजावे, तांबडे झाले तर पाजू नये. प्रात्यक्षिक मोठ्या साहेबांच्या हस्ते होते. साहेबांच्या हस्ते पाणी तांबडे होणे शिष्टाचारात बसत नाही, म्हणून विद्याधररावांनी घरच्या नळाचे पाणी तांब्यातून आणले होते. थेंब पडला, पाणी निर्मळ राहिले, टाळ्या झाल्या. (उपस्थिती : अधिकारी साठ टक्के, गवळी चाळीस. म्हशी तळ्यावर पाणी पीत होत्या.)

सगळे सुरळीत पार पडले असते, पण गोजराबाईने शिकवलेले मनावर घेतले. ती तळ्यावरून पेला भरून, त्यात थेंब टाकून घेऊन आली.

"अण्णा, स्वल्प हिकडं बघा. रक्तावानी झालंय की!"

"थेंब जास्त पडला असेल, बाई."

"मग तुम्ही टाका."

विद्याधररावांनी घड्याळ पाहिले. "तांबडं झालं तर पाजायचं नाही. एवढंच शिकवलंय ना?"

"मग काय पाजू? हीच एक उरलीय माझी."

"ते पुढच्या टप्प्यात आहे."

अहवालात त्यांनी लिहिले, 'गोपालक सुशिक्षित झाले आहेत. यापुढे एखादे जनावर दगावल्यास ते अज्ञानामुळे दगावले, असे म्हणता येणार नाही.' मोठ्या साहेबांनी या वाक्याखाली स्वतः रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई म्हैस घेऊन दारात आली. अलकाबाई, म्हणजे विद्याधररावांची पत्नी, दूध डोळ्यांदेखत काढून घेत, कारण गवळी पाणी मिसळतात. रिवाजाप्रमाणे गोजराबाईने भांडे उपडे करून दाखवले. मग कनवटीची बाटली काढून म्हणाली, "अक्का, दुधात येक थेंब टाकून बघू?"

विद्याधररावांनी हातातली कॉफी खाली ठेवली. इतक्या दिवसांत त्यांच्यातला शास्त्रज्ञ प्रथमच जागा झाला, आणि "आजपासून दूध नको" असे सांगून त्याने दार लावून घेतले.

गोजराबाई म्हैस ओढत शेजारच्या दारी गेली. आता ती खरोखरच सुशिक्षित झाली होती. तिथे तिने बाटली काढली नाही, फक्त भांडे उपडे करून दाखवले.

ते दार तुमचे. तुम्ही भांड्यात नीट वाकून पाहिलेत, पाण्याचा टिपूसही नाही अशी खात्री करून घेतलीत, आणि म्हणालात, "सरी, ठीक आहे, काढ."