सत्तावीस तक्रारी

लोरेटा बॅचेल्डरने जून महिन्यातच जाहीर करून टाकलं होतं, की ती जाहीरनाम्यातला एकही शब्द गाळणार नाही.

ईस्ट हार्लो गावात चार जुलैला, बाराला पाच मिनिटं असताना, मैदानातल्या बँडच्या मंडपातून अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचतात. एकतीस वर्षं हे काम हॉलिस एम्सकडे होतं. यंदा त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि कागद लोरेटाकडे आला. हॉलिस वाचायचा ती पद्धत अशी: सुरुवातीचं 'सगळी माणसं समान' वगैरे दणक्यात, मग एकदम शेवटच्या सह्या. मधला भाग तो सरळ ओलांडायचा, कारण तिकडे अग्निशमन दलाची माणसं शेगडीवर कोंबडी भाजत असायची आणि करपली तर गाव त्याला माफ करणार नव्हतं. त्यामुळे जाहीरनाम्याला मधला भाग असतो हेच ईस्ट हार्लोच्या दोन पिढ्यांना ठाऊक नव्हतं.

लोरेटाला ठाऊक होतं. तीन आठवडे तिने स्वयंपाकघरात उभं राहून तो घोकला होता. नवरा ऑरिन गोठ्यातून आत-बाहेर करायचा, ती मध्येच थांबून त्याला काहीतरी बोलायची, आणि पुन्हा तिथूनच पुढे सुरू करायची. ऑरिन बावीस वर्षं गावमंडळाचा अध्यक्ष. बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायची त्याची साधना मोठी होती.

"पडणार नाहीस ना मध्येच?" त्याने चार जुलैच्या सकाळी विचारलं.

"तू पुढे बस. पडले तर उचलायला."

म्हणून तो आपली घडीची खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत, अगदी मंडपासमोर बसला. हीच ती चूक.

लोरेटाने सुरुवात तर झकास केली. सरकार लोकांच्या संमतीवर चालतं, इथपर्यंत माना डोलल्या. पुढचं वाक्य होतं इंग्लंडच्या राजाबद्दल, की आता त्याच्या अत्याचारांची यादी जगापुढे ठेवतो. नेमके बारा वाजले, आणि अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजला. हा भोंगा रोजच बाराला वाजतो. गावाला त्याची इतकी सवय, की तो वाजतोय हे कुणाला कळतही नाही. लोरेटाही तशीच वाचत राहिली. राजा त्या भोंग्यात बुडाला तो कायमचा. भोंगा थांबला तेव्हा तिच्या तोंडी आलं होतं:

"त्याने लोकहिताच्या, अत्यंत गरजेच्या कायद्यांना मंजुरी नाकारली."

मागून मर्टल क्विंबी म्हणाली, "बरं झालं बाई कुणीतरी बोललं. माझ्या दारापुढे वेगाला मर्यादा घाला म्हणून तीन वर्षं ओरडतेय मी."

"त्याने सभा भलत्याच, गैरसोयीच्या आणि लांबच्या जागी बोलावल्या, लोकांनी दमून हो म्हणावं म्हणून."

हशा पिकला. गावमंडळाची बैठक गेले दोन हिवाळे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या शेडमध्ये भरत होती. ऑरिनचीच कल्पना.

हशा ऐकून लोरेटाला वाटलं, आपलं वाचन रंगतंय. ती आणखी जीव ओतू लागली. प्रत्येक 'त्याने'ला हात उचलून समोर रोखायची, आणि समोर कोण बसलं होतं ते सांगायला नको.

"त्याने नवनवी पदं काढली, आणि अधिकाऱ्यांचे थवे पाठवून लोकांना छळलं, त्यांच्या तोंडचा घास खाल्ला."

"तो कुत्र्यांचे परवाने तपासणारा, ऑरिनने नेमलेला," कुणीतरी ओरडलं. "माझा अख्खा केक खाऊन गेला, ब्लूबेरीचा."

"त्याने आमच्या घरांत हत्यारबंद माणसं आणून ठेवली."

आता मर्टलचे डोळेच भरून आले. ऑरिनचे चुलतभाऊ दर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला येतात आणि दोन आठवडे बॅचेल्डरांच्या बैठकीच्या खोलीत बंदुकांसकट झोपतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. "बिचारी," मर्टल शेजारणीला म्हणाली, "किती सोसलं गं. आणि कसं तोलून मापून बोलतेय."

ऑरिनची मान इंचाइंचाने खाली जात होती.

लोरेटा शेवटाला आली. छाती भरून तिने सांगितलं, की आमचे आणि त्याचे सगळे संबंध आजपासून तुटले आहेत, आणि तुटायलाच हवेत.

टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांत ऑरिन उठला, खुर्चीची घडी घातली, बगलेत मारली आणि गोठ्याच्या दिशेने चालायला लागला.

लोरेटाला काहीच कळेना. पण गाव तोवर गप्प बसणार थोडंच? ईस्ट हार्लोत कुणी शिंकलं तरी एकजण ठराव मांडतो आणि दुसरा अनुमोदन देतो. मर्टल उभी राहिली. "ऑरिन बॅचेल्डरला अध्यक्षपदावरून काढावं असा मी ठराव मांडते."

"अनुमोदन," तीन बाजूंनी आलं.

"ऑरिनला?" लोरेटा म्हणाली. "का?"

"अगं, आत्ता तूच नाही का सांगितलंस?"

हॉलिस गावसभेचा संचालक. डोळ्यावर पट्टी होती, तरी हातोडा खिशात होताच. त्याने तो मंडपाच्या खांबावर आपटला. "ठराव बेकायदा. तीस दिवस आधी पोस्टाच्या दारावर नोटीस लागल्याशिवाय इथे कुणाला काढता येत नाही. इथे राज्य माणसाचं नाही, कायद्याचं आहे. बसा खाली. आणि कोंबडी करपतेय."

लोरेटा ऐकायला थांबलीच नाही. कागद हातात घेऊन ती पळत सुटली.

ऑरिन गोठ्यात उपड्या बादलीवर बसला होता. लग्नाच्या अडतीस वर्षांत तिने त्याला असं बसलेलं दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा गाय मेली होती.

"मी झोपायचं कुठे आता?" त्याने विचारलं.

"अरे, ते राजाबद्दल होतं."

"कुठला राजा?"

तिने कागद त्याच्या हातात दिला. तो ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. एक तक्रार, दुसरी, तिसरी. मध्येच थांबला. "मिठाची शेडसुद्धा राजाचीच?"

"शेड नाही. सभा."

"म्हणजे माझ्याबद्दल तुझी काही तक्रार नाही?"

लोरेटा तोंड उघडणार, एवढ्यात ग्रंथालयवाली विनी धापा टाकत आत आली. ती मंडपामागे बसून मूळ प्रत धरून होती, लोरेटा अडली तर सुचवायला, आणि प्रत्येक तक्रारीला पेन्सिलीने खूण करत होती. "लोरेटा, माझा काहीतरी घोळ होतोय. मूळ कागदात तक्रारी सत्तावीस. माझ्या खुणा अठ्ठावीस. दोनदा मोजलं मी."

गायसुद्धा रवंथ करायची थांबली.

"जास्तीची कुठली?" ऑरिनने विचारलं.

विनीने समासात लिहून घेतलेलं वाचलं. "'त्याने आत्ता पुसलेल्या फरशीवरून शेणाचे बूट नेले, आणि वारंवार विनंती करूनही नेत राहिला.' न्यायाधीशांच्या आणि नव्या पदांच्या मधे आहे बघ."

ऑरिनने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"ते स्वयंपाकघरात पाठ करताना..." लोरेटा म्हणाली. "ओघात आलं असणार."

"तीस दिवस आधी नोटीस द्यायला हवी होतीस."

"अडतीस वर्षं देतेय."

ऑरिनने वाकून एकेक बूट काढला, गोठ्याच्या दाराबाहेर जोडीने नीट लावून ठेवला, आणि सगळं अंगण तुडवत घरात गेला. लोरेटाला अगदी भरून आलं. मागोमाग ती आत शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. शेगडीपर्यंत पुसलेल्या फरशीवर शेणाची हिरवट पावलं उमटली होती, टाचेपासून चवड्यापर्यंत स्पष्ट.

मोज्यांबद्दल जाहीरनाम्यात काहीच नव्हतं.