सोनलची अंगाई आणि प्रमिलाचा प्रबंध

तोंडी परीक्षेला निघताना प्रमिलानं पिशवी तिसऱ्यांदा उपसली. दुपटं, दुधाची बाटली, प्रबंध, टेप, जादा सेल, सगळं होतं. मग सोनलच्या नाकाशी बोट धरून श्वासही पाहून घेतला. आठ महिन्यांच्या सोनलनं ते बोटच तोंडात घातलं.

एम.एड.च्या प्रबंधाचा विषय होता, कॅसेट ऐकून अभ्यास करण्याविषयी विद्यार्थ्यांची मते. वरणगावला नोकरी करणाऱ्या धनसिंगनं मुलगी झाल्याच्या आनंदात बायकोला हा पिशवीत मावणारा टेप आणून दिला होता. प्रमिलानं तो धुळ्यातल्या कॉलेजांतून हिंडवून मुलांची मतं भरून घेतली आणि सोनलला मांडीवर घेऊन, टेप मागे-पुढे करत, कागदावर उतरवून काढली. प्रबंध संपला, पण पोरीला सवय लागली. अंगाई म्हटली की ती रडायची. टेपवर दोंडाईच्याचा अभिमन "एस्टीत वही उघडली की अक्षरं नाचतात, कान मात्र मोकळेच असतात" म्हणू लागला, की डोळे मिटायची.

म्हणून सासूबाई भागाबाई, सोनल आणि टेप यांच्यासह प्रमिला, अशी वरात कॉलेजात पोचली. तिघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. टेप लागला, सोनल झोपली, आणि आतून हाक आली.

बाहेरचे परीक्षक चष्म्यावरून बघणाऱ्यांपैकी होते. "तुम्ही लिहिलंय, अशा साधनानं अवधान टिकतं. टेप कुठंय? ऐकवा."

प्रमिला टेप आणायला गेली. बटण बंद होताच सोनलनं व्हरांडा डोक्यावर घेतला.

"सर, टेप एकच आहे," प्रमिला दारातूनच म्हणाली. "खिडकीत ठेवला तर चालेल? दोन्हीकडे ऐकू जाईल."

"ठेवा बाई, ठेवा."

खिडकीतून टेपवरचा निर्मलकुमार, दुकानदाराचा मुलगा, बोलू लागला. "गल्ल्यावर वही वाचली की बापूजी रागावतात. कानात वायर घातली की त्यांना वाटतं, गाणी ऐकतोय. गाणी चालतात."

सोनल निजली. भागाबाईंची मान कलली. स्टुलावरचा शिपाई भिंतीला टेकला. प्रमिलाचे मार्गदर्शक डोळे मिटून मान हलवत होते, पण निर्मलकुमार थांबला तरी ती हलतच राहिली. प्रमिला एकेकाकडे बघत होती. रात्र-रात्र जागून लिहिलेला निष्कर्ष तिच्यासमोर घोरत होता.

परीक्षकांनी टेप बंद केला. सोनल रडली. त्यांनी घाईनं पुन्हा लावला.

"बाई, अवधान कुठं टिकलंय?" ते खिडकीकडे बोट दाखवत म्हणाले, आणि पेन काढून ते वाक्य खोडलं. प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग परीक्षकांनीच जांभई दिली. जरा घुटमळून हळू आवाजात म्हणाले, "मला फार दिवस झोपेचा त्रास आहे. ही कॅसेट मिळेल का?"

नाही म्हणावं तर परीक्षक. हो म्हणावं तर रात्री सोनल. प्रमिलानं खिडकीतून सासूबाईंना विचारलं.

भागाबाईंनी डोळेही उघडले नाहीत. "दी टाक वं. माले बठ्ठं पाठ शे."

"सगळं? काय पाठ आहे?" प्रमिलानं विचारलं.

भागाबाईंनी हात लांबवून टेप बंद केला. सोनलनं ओठ काढले, तशा त्या तिला थोपटत गुणगुणू लागल्या, "गल्लावर वही वाची तं बापूजी रागे भरतस, कानमा वायर घाली तं काही बोलतस नही..." मग अभिमनची एस्टी आली, नाचणारी अक्षरं आली, एक मत सुटलं नाही. सोनल पुन्हा निजली.

"आजीबाई, तुम्ही तर झोपला होतात," परीक्षक म्हणाले.

"झोपेल व्हतू. कान कुठे झोपतस?"

परीक्षकांनी खिडकीतून निजलेल्या सोनलकडे पाहिलं. मग खुर्चीवर येऊन त्यांनी खोडलेलं वाक्य पुन्हा, स्वतःच्या अक्षरात लिहिलं. फक्त 'अवधान' शब्द गाळला, 'अशा साधनानं टिकतं' एवढंच ठेवलं, आणि कॅसेट खिशात घातली.