बारशाआधीचा फॉर्म

हडपसरच्या आमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या नव्या बाळांची आरोग्य विम्यात नोंद करायचं काम माझ्याकडे आहे. तीस दिवसांत नोंद झाली नाही, तर पुढच्या वर्षापर्यंत विमा नाही. पेढा तोंडात असतानाच मी नव्या बापांना ही तंबी देतो. (हल्ली मला पेढे कमी येतात.) वर मी लिहिलेलं परिपत्रकही हातात देतो. ते कुणी वाचत नाही, ही माझी जुनी तक्रार.

मला आणि बायकोला, सोनालीला, मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं, फॉर्म बारसं झाल्यावर भरू, खऱ्या नावाने. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे माझी थोरली बहीण हिराअक्का नेमकी जिन्यावरून घसरली. पायाला प्लास्टर. बारसं पंचेचाळिसाव्या दिवसावर गेलं.

एकोणतिसाव्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन बिबवेवाडीला अक्काकडे धावलो.

“अक्का, नाव ठरलंय ना? हळूच माझ्या कानात सांग.”

“कान बाळाचा लागतो. तुझा नाही.”

“अगं, उद्या शेवटचा दिवस! पोरगी वर्षभर विम्याशिवाय राहील!”

“तुला सांगितलं की सोनालीला कळणार, तिला कळलं की तिच्या आईला. मग मी बारशाला काय नुसत्या घुगऱ्या खायला येऊ?”

शेवटी तोडगा निघाला. नाव अक्काने स्वतः टाइप करायचं, मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. एका बोटाने तिचं टाइपिंग संपेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे सण मला पाठ झाले.

“पाठवलं एकदाचं,” अक्का म्हणाली. बारशापर्यंत नाव बघणार नाही, असं वचनही तिने घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर विम्याचं कार्ड आलं. ते सोनालीने उघडलं. (वचन मी दिलं होतं, तिने नाही.) वडिलांचं नाव आणि आडनाव आपोआप लागून कार्डावर छापलं होतं: ‘बारशाला कळेल चेतन गायकवाड’.

मी मोबाइल तिच्या हातातून ओढून घेतला. “आता गं? हे कार्ड कुठला दवाखाना घेईल? गेला पोरीचा विमा!”

“काही जात नाही,” सोनाली शांतपणे म्हणाली. “नाव ठरलं नसेल तर नुसतं ‘सोनालीचं बाळ’ लिहिलं तरी चालतं. नंतर केव्हाही बदलता येतं.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

तिने बाळाच्या फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. खाली माझीच सही होती.

“अहो, तुमची तक्रार अगदी खरी आहे हं. हे परिपत्रक कुणीच वाचत नाही. लिहिणारासुद्धा.”